नऊवारी कुणी शोधतच नव्हतं

नऊवारी शिवून देणाऱ्या एका छोट्या दुकानाला गिऱ्हाईक कसं मिळालं, त्याची ही गोष्ट. या प्रकरणात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. खाली ज्या पाच हजार पत्रकांची गोष्ट येईल, ती माझ्याच छापखान्यात छापली. त्यांचे पैसे मी घेतले आणि ती उशिरा दिली तीही मीच. इंदुरात राजवाड्याच्या मागे एका बोळात माझं ऑफसेटचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं आणि पत्रकं, यांवर तीस वर्षं काढली. पत्रक छापून नेलेला माणूस परत येतो तो पुढचं पत्रक छापायला. आधीच्या पत्रकाचं काय झालं हे तो सांगत नाही आणि मीही विचारत नाही. न विचारण्यात दोघांची सोय असते. या एका वेळी विचारलं गेलं, म्हणून हे लिहिता येतंय.

ताई माझ्या दिवंगत मित्राची मुलगी. अख्खी कॉलनी तिला ताई म्हणते, म्हणून इथेही तेच नाव. राजेंद्र नगरात घरच्या घरी बारा-तेरा वर्षं शिवणकाम केलं. सुरुवात ब्लाउज आणि फॉलपासून, मग हळूहळू हात बसला तो शिवलेल्या नऊवारीत. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर कापड. तिच्या सासूबाई ते आजही आरशाशिवाय सात-आठ मिनिटांत नेसतात. त्यांच्या पुढच्या पिढीला ते येत नाही आणि त्याच्या पुढच्या पिढीला तेवढा धीर नाही. म्हणून निऱ्या, ओचा, काष्टा सगळं जागच्या जागी शिवून, कमरेला नाडी घालून ती सलवारीसारखी चढवता येईल अशी करायची. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, लावणी, कोळी असे तिचे प्रकार. काष्टा कुठे आवळायचा आणि ओचा किती सोडायचा यावर प्रकार ठरतो, आणि त्यात ताईचा हात खरोखर चांगला आहे. हे मी मित्राची मुलगी म्हणून म्हणत नाही. माझ्या सुनेच्या लग्नात तिने शिवलेली पेशवाई अजून आमच्या घरात तीन बायका आळीपाळीने नेसतात. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.)

२०२३ च्या उन्हाळ्यात तिने अन्नपूर्णा रोडपासून जरा आतल्या बाजूला एक गाळा भाड्याने घेतला. तीन मशिनं, एक मदतनीस मुलगी, काचेच्या कपाटात दोन पुतळ्यांवर दोन नऊवाऱ्या. उद्घाटन गणपतीआधी करायचं ठरलं. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती.

पाच हजार पत्रकं

पत्रकाचा हिशोब बाहेरच्या माणसाला माहीत नसतो, म्हणून थोडं सांगतो. चार रंगांच्या कामाला चार प्लेटा लागतात, मशिन धुवून रंग बसवावा लागतो, पहिले शे-दोनशे कागद जुळवाजुळवीत जातात. हा खर्च हजार छापा की दहा हजार, तेवढाच. त्यामुळे हजार पत्रकांचा दर नगाला जेवढा पडतो, त्याच्या निम्म्याखाली तो पाच हजारांना येतो. गिऱ्हाईक कागदावर हे बघतं आणि आपणहून म्हणतं, "मग पाचच हजार करा." मी कधी कुणाला म्हटलं नाही की तुम्हाला हजारच पुरतील. ताईलाही म्हटलं नाही.

तिने पैसे वाचवायला गुळगुळीत आर्ट पेपरऐवजी ८० जीएसएमचा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद घेतला आणि एकाच बाजूला छपाई. डिझाइन तिच्या मुलाने केलं: वर नथ, खाली पैठणीचा काठ, मध्ये वळणदार अक्षरांत 'पारंपरिक नऊवारी शिवून मिळेल', त्याखाली दुकानाचं नाव आणि फोन नंबर. मराठी माणसाला बघताक्षणी आवडेल असं होतं. मलाही आवडलं.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस माझ्याकडे मंडळांच्या कामांची रांग असते. ताई घरची, म्हणून तिचं काम मागे सरकत गेलं. घरच्यांचं काम मागे सरकतं, हा छापखान्याचा जुनाच नियम. पत्रकं तिच्या हातात पडली शुक्रवारी. पेपरवाल्यांच्या एजंटाशी बोलून रविवारी, १७ तारखेला, तीन हजार पत्रकं वर्तमानपत्रांत घालून वाटली गेली. त्याच सुमारास इंदुरात धो-धो पाऊस लागला होता. कित्येकांच्या दारात पेपरच भिजून पडला असेल. पण पाऊस नसता तरी फारसं काही बदललं नसतं. एक नऊवारी शिवायला, माप घेण्यापासून फिटिंगपर्यंत, तिला चार-पाच दिवस लागतात आणि रविवारी पत्रक वाचलेल्या बाईला नेसायची होती मंगळवारी. पुढे गौरी होत्या हे खरं, पण गौरींनंतर थेट पितृपक्ष. म्हणजे ज्यांनी पत्रक जपून ठेवलं असेल, त्यांनीही ते पुढचा महिनाभर कपाटावर ठेवलं.

फोन किती आले? अकरा. त्यातले चार जणी 'नऊवारी' वाचून साड्यांचं दुकान समजल्या. एक गृहस्थ विचारत होते की पूजेचं सामान मिळतं का. हा प्रश्न आम्हाला बरेच दिवस कळला नाही. मग एकदा मुलाच्या लक्षात आलं. हिंदी वाचणाऱ्या माणसाला देवनागरी वाचता येते, मराठी येत नाही. 'शिवून मिळेल' यातलं त्याला ओळखीचं वाटलं ते फक्त 'शिव'. गणपतीचे दिवस, नथीचा सोनेरी रंग, शिव. बाकी अर्थ त्याने आपला आपण लावला.

उरलेली दोन हजार पत्रकं दुकानात गठ्ठा बांधून राहिली. त्यांतली थोडी मदतनीस मुलीने कॉलनीच्या फाटकांना अडकवली, थोडी विजेच्या खांबांवर डकवली. हे मला नंतर कळलं, नाहीतर थांबवलं असतं. मध्य प्रदेशात संपत्ती विरूपण रोखण्याचा कायदा १९९४ पासून आहे आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय दिसत्या जागेवर काही चिकटवणं-रंगवणं त्यात बसत नाही. शिवाय इंदूर. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर मिरवणाऱ्या या शहरात, दुसऱ्या शहरांत चालून जातं ते चालत नाही. कुणी खरडलं ते दिसलं नाही, पण तिसऱ्या दिवशी खांब लख्ख होता.

कौतुक

पत्रकांनंतर ताईने जे केलं ते आपल्याकडचा कुणीही मराठी धंदेवाला करतो. ती आपल्या माणसांकडे गेली. इंदुरात आपली माणसं कमी नाहीत. होळकरांबरोबर आलेली घराणी, मग नोकरी-गिरणीच्या निमित्ताने आलेली, रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या जुन्या संस्था आहेत, सानंद या संस्थेची नाटकं आहेत, कॉलनी-कॉलनीत महिला मंडळं आहेत. ताईने एका मंडळाच्या स्मरणिकेत अर्धं पान जाहिरात दिली. एका जत्रेत दोन दिवस टेबल मांडलं. हळदीकुंकवाला वाण म्हणून छोटे बटवे वाटले, त्यावर दुकानाचं नाव. पाच-सहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फोटो टाकले.

आणि प्रतिसाद भरभरून आला. "अय्या, किती सुंदर!" "ताई, हाताला सोनं आहे हो तुझ्या." ग्रुपांवर हात जोडलेली आणि टाळ्यांची चित्रं. जत्रेत तर टेबलापाशी गर्दी हटेना. संध्याकाळी घरी येऊन ती मला फोनवर म्हणाली, "काका, आता चाललं बघा दुकान."

दोन दिवसांच्या त्या गर्दीतून ऑर्डरी तीन आल्या. त्यातली एक तिच्या मावसबहिणीची.

हे का झालं, ते समजायला मला माझ्याच घराकडे बघावं लागलं. ती पेशवाई. नाडीची नऊवारी ही साडीच्या मानाने विचित्र वस्तू आहे: माप थोडं इकडे-तिकडे झालं तरी चालते, नाडी आवळा किंवा सैल करा. वर्षातून दोन-तीनदा नेसायची, म्हणून झिजत नाही. एकीने शिवली की जाऊ, नणंद, भाची सगळ्या वापरतात. म्हणजे मराठी घरात एक नऊवारी गेली की त्या घरापुरता प्रश्न आठ-दहा वर्षांसाठी मिटला. राजेंद्र नगरातली ज्यांना हवी होती ती बहुतेक घरं ताईने घरी शिवत असतानाच पुरी केली होती. दुकान काढून ती पुन्हा त्याच घरांच्या दारात नवी जाहिरात घेऊन उभी होती. त्यांनी कौतुक केलं, कारण त्यांना खरंच अभिमान वाटत होता. पण विकत घेण्यासारखं त्यांना काही उरलं नव्हतं.

धंद्यातल्या माणसाला कौतुक आणि गिऱ्हाईक यांतला फरक पहिल्या वर्षी कळत नाही. कौतुक लवकर येतं, फुकट येतं आणि तेच आपल्या चेहऱ्यासमोर येतं. गिऱ्हाईक न येणं दिसत नाही.

मधल्या काळात मुलाने इन्स्टाग्रामवर एक रील पैसे देऊन पुढे ढकलली. बघणारे हजारोंनी मिळाले. ती कुणाला दाखवायची हे त्याने मोबाइलवर सोडलं होतं आणि रीलमध्ये ढोल-ताशा आणि मराठी बोलणं, त्यामुळे ती पुण्या-नागपूरकडे जाऊन पोचली असावी. सांगलीहून एकीने कुरियरचा भाव विचारला. पुढच्या वेळी त्याने शहर आणि किलोमीटरचा घेर निवडला, तेव्हा बघणारे एकदम आटले, पण निदान दुकानापर्यंत येऊ शकतील असे होते.

रेडिओचाही विचार झाला. रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं केंद्र २००१ मध्ये इंदुरातच सुरू झालं, त्यामुळे एफएमवर जाहिरात करायची हौस इथल्या दुकानदारांना जुनी आहे. मी तिला एकच प्रश्न विचारला: तीन मशिनांवर रोज किती निघतील? ती म्हणाली, घाईने केलं तर दोन. मग सगळ्या शहराला ओरडून सांगून करणार काय होतीस? तो विषय तिथेच संपला. रिक्षाच्या पाठीवरच्या जाहिरातीचाही तसाच.

वहीतला एक रकाना

डिसेंबर उजाडेपर्यंत गाळ्याचं भाडं साठवलेल्या पैशातून जात होतं. मी गेलो तेव्हा ती मापांची वही उघडून बसली होती. नाव, फोन, कंबर, उंची, तारीख, आगाऊ रक्कम. मी म्हटलं, "अगं, यात एक रकाना वाढव. कसं कळलं?"

"विचारायला अवघड वाटतं, काका. वाटेल हिशोब लावतेय."

"हिशोबच लावायचाय."

तिने रकाना आखला. आणि नुसतं 'ओळखीतून' असं न लिहिता, शब्दशः काय म्हणाल्या ते लिहायचं, असं ठरलं. हा हट्ट माझा होता. एवढ्या सगळ्या प्रकरणात माझ्याकडून झालेलं चांगलं काम हेच. 'ओळखीतून' लिहिलं असतं तर काहीच हाती लागलं नसतं.

डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून रथसप्तमीपर्यंतच्या नोंदी. चाळीसच्या आसपास. पत्रकाचं नाव काढणारं एकही नव्हतं. स्मरणिकेचं एक, तेही ज्यांनी ती जाहिरात गोळा केली त्या बाई. निम्म्याहून जास्त नोंदींत कुणी ना कुणी मराठी नसलेली बाई होती, आणि त्यांची वाक्यं अशी होती:

"बेटी का डांस है, मैडम ने कहा मराठी साड़ी चाहिए."

"मोबाइल पे ढूंढा, महाराष्ट्रियन ड्रेस किराये से."

"पार्लर वाली दीदी ने नंबर दिया."

"बच्ची को अहिल्या माता बनाना है."

चाळीस नोंदींत 'नऊवारी' हा शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडून आलेला फारच थोडा, आणि आला तिथे तो मराठी घरातला. ताई ते वाचत होती आणि तिचा चेहरा उतरत गेला. मी आधी समजलो की पैशाचं वाईट वाटतंय. तसं नव्हतं. ती म्हणाली, "मराठी साडी असं काही असतं का हो?"

असतं. मागणाऱ्याच्या डोक्यात असतं. वस्तूचं नाव दुकानदार ठेवतो तेव्हा ती कशी बनते त्यावरून ठेवतो. मागणारा ती कशासाठी लागतेय त्यावरून नाव ठेवतो. पलासियातल्या किंवा विजय नगरातल्या आईला वार मोजायचे नसतात. तिला शुक्रवारी मुलीला स्टेजवर पाठवायचं असतं.

दुसरी गोष्ट त्याच वाक्यांत होती आणि ती पैशाच्या दृष्टीने मोठी होती: 'किराये से'. मराठी बाईला आपली साडी देऊन शिवून हवी होती. बाकीच्यांना एका संध्याकाळपुरती नेसायची होती. ताईच्या पत्रकावर भाड्याचा उल्लेखच नव्हता, कारण तिच्या मनात भाडं म्हणजे नाटकवाल्यांचा धंदा. फोनवर कुणी विचारलं तर ती "नाही हो, आम्ही शिवून देतो" म्हणून नम्रपणे ठेवून द्यायची. अकरा फोनांतले दोन असे गेले होते. तिला आता आठवत होते.

नकाशावरचं दुकान

मुलाने दुकानाची गूगल बिझनेस प्रोफाइल उघडून ठेवली होती, पण ती एकदा भरून विसरून गेल्यासारखी. माझा या विषयातला अभ्यास शून्य. तो मुलगा बोलत गेला तसं समजून घेतलं.

जवळपासचं काही शोधलं की गूगल वर-खाली लावताना तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे, आणि ते किती नावाजलेलं आहे. अंतर आपल्या हातात नाही. विजय नगरातून शोधणाऱ्याला अन्नपूर्णा रोड लांबच पडणार. नाव वेळेने होतं. राहिलं जुळणं, आणि तिथेच घोळ होता. मुख्य प्रकार म्हणून त्याने 'साडीचं दुकान' निवडलं होतं. इंदुरात साडीचं दुकान! सीतलामाता बाजार आहे, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आहे, मोठाली शोरूम आहेत. त्या गर्दीत दोन पुतळ्यांचं दुकान कितव्या नंबरावर दिसणार? तो प्रकार बदलून वेशभूषा भाड्याने देणारी सेवा केला, जोडीला शिलाईचा प्रकार ठेवला. तिथे गर्दी विरळ होती.

त्याच प्रोफाइलमध्ये, लोकांनी काय शब्द टाकून शोधलं तेव्हा हे दुकान दिसलं, याची यादी मिळते. ती यादी आणि वहीतला रकाना शेजारी-शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटावीत. मराठी साड़ी, महाराष्ट्रियन लुक, लावणी ड्रेस, फैंसी ड्रेस. नऊवारी शोधणारेसुद्धा होते, पण इंग्रजी अक्षरांत ती लिहायच्या इतक्या तऱ्हा की कुणी 'यू' घालतं, कुणी 'डब्ल्यू', कुणी दोन्ही गाळतं. मुलाला वाटलं, हे सगळे शब्द दुकानाच्या नावातच कोंबावेत. ते नियमात बसत नाही, प्रोफाइल बंदही होऊ शकते. म्हणून नाव पाटीवर आहे तेच ठेवलं आणि हे शब्द वर्णनात, सेवांच्या यादीत आणि फोटोंखाली गेले.

लोकांच्या अभिप्रायांचं काम ताईने स्वतः लावलं, आणि ते मला फार हुशारीचं वाटलं. भाड्याने कपडा नेला की डिपॉझिट घ्यावं लागतं. परत करायला येतात तेव्हा कार्यक्रम होऊन गेलेला असतो, मुलगी छान दिसलेली असते, फोनमध्ये फोटो असतात आणि ते कुणाला तरी दाखवायचे असतातच. ताई कपडा तपासते, डिपॉझिटचे पैसे आधी हातात देते, आणि मग म्हणते, "फोटो दिखाओ ना." फोटो बघून झाल्यावर सांगते की हाच गूगलवर टाकाल का. पैसे देण्याआधी विचारलं तर ती अट वाटते. सूट देऊन अभिप्राय घेणं तर गूगलच्या नियमांतही बसत नाही. एकदा मुलाने 'अभिप्राय द्या, ५० रुपये सूट मिळवा' असा कागद काउंटरवर चिकटवला होता, तो तिने दुसऱ्या दिवशी काढला. नियम माहीत होता म्हणून नाही, तिला ते बरं दिसलं नाही म्हणून.

पाटी

मार्च २०२४ मध्ये, गुढीपाडव्याच्या आधी, पाटी बदलायची ठरली. पाडवा ९ एप्रिलला होता. इथे घरात भांडण झालं.

सासूबाईंचं म्हणणं, 'मराठी साडी' लिहिलंस तर मी दुकानात पाय ठेवणार नाही. "उद्या पुरणपोळीला मराठी पराठा म्हणाल." त्यांचं चुकलं नव्हतं. ज्या बाईने आयुष्यभर नऊ वार नेसले तिला हे अपमानाचं वाटणारच. ताई दोन दिवस अडकून राहिली. मी मध्ये पडलो नाही. फ्लेक्सचा धंदा माझा नाही, आणि असता तरी पडलो नसतो.

शेवटी पाटी अशी झाली: सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत 'नऊवारी', त्याखाली तेवढ्याच ठसठशीत हिंदीत 'मराठी साड़ी, किराये से और सिलाई', आणि खाली फोन. नथ काढून टाकली आणि तिथे पेशवाई नेसलेल्या एका शाळकरी मुलीचा, तिच्या आई-वडिलांना विचारून, पूर्ण उंचीचा फोटो. रस्त्यावरून स्कूटरवर जाणाऱ्याला अक्षरं वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात. वळणदार सुलेखन तेवढ्यात कुणी वाचत नाही. मी तीस वर्षं सुलेखनाचे पैसे घेतले आहेत, तरी हे मान्य करतो.

पण पाटी आणि गूगल मिळूनही जेवढं आलं नसतं तेवढं एका वेगळ्याच वाटेने आलं. वहीत 'मैडम ने कहा' वारंवार होतं. ही मॅडम म्हणजे शाळेतली नृत्यशिक्षिका. स्नेहसंमेलनाला एक मराठी नाच ठरला की आठ ते बारा मुलींना एकसारखे कपडे लागतात, आणि ते कुठून आणायचे हे आया ठरवत नाहीत, मॅडम सांगते. ताईने २०२४ च्या ऑक्टोबरात, नाच ठरायच्या वेळी, मुलींच्या मापांच्या बारा-बारा लावण्यांचे दोन संच शिवून ठेवले. एक हिरवा, एक जांभळा. मग एक नऊवारी पिशवीत घालून ती अन्नपूर्णा रोड, सुदामा नगर, केसरबाग भागातल्या आठ-नऊ शाळांत आणि नृत्यवर्गांत स्वतः गेली. पत्रक दिलं नाही. मॅडमसमोर एका मुलीला ती नेसवून दाखवली, दोन मिनिटांत. आणि सांगितलं की नाचताना सुटत नाही. नृत्यशिक्षिकेचं सगळ्यात मोठं भय तेच असतं. स्टेजवर काष्टा सुटला की बोलणी तिला बसतात.

जिथे ती गेली तिथल्या निम्म्या ठिकाणी काहीच झालं नाही. एका शाळेने संच घेतला आणि तीन दिवस उशिरा परत केला, त्यामुळे दुसरीकडचा शब्द मोडला. तिथली मॅडम परत बोलली नाही. उरलेल्या ठिकाणांहून दोन्ही संच जानेवारीअखेरपर्यंत फिरत राहिले.

लग्नाचा मेकअप करणाऱ्या पार्लरवाल्या हा दुसरा असा दरवाजा. तिथे प्रत्येक गिऱ्हाइकामागे कमिशनची भाषा सुरू झाली. ताईने कमिशन नाकारलं आणि त्याऐवजी नमुना म्हणून एक नऊवारी दोघींकडे ठेवायला दिली. एकीकडून बरी कामं येतात. दुसरीकडची नऊवारी अजून परत आलेली नाही.

लहानशी एक युक्ती मात्र फार कामाची निघाली. प्रत्येक भाड्याच्या नऊवारीत, नाडीच्या घडीजवळ, साटिनचं बोटभर लेबल शिवलं: दुकानाचं नाव आणि फोन. स्टेजमागे कपडे बदलताना दहा आया एकमेकींना मदत करत असतात, आणि नाडी बांधणाऱ्या बाईच्या डोळ्यांपासून ते लेबल वीतभर अंतरावर असतं. शिवाय त्या क्षणी तिच्या मनात हाच प्रश्न असतो की हे आणलं कुठून. लेबलं माझ्याकडे छापली गेली नाहीत. साटिनवर छापणारा वेगळा.

अहिल्या

एका मागणीचं थोडं वेगळं सांगायला हवं, कारण ती फक्त इंदुरातच इतकी असेल. फॅन्सी ड्रेस म्हटलं की इथल्या मुली झाशीची राणी होतात तशा अहिल्यादेवी होतात. मे २०२५ मध्ये अहिल्यादेवींच्या जन्माला ३०० वर्षं झाली. त्या वर्षभर ही विचारणा वाढत गेली. ताईने सुरुवातीला पेशवाई दाखवली, भरजरी, लाल. आया नको म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे चौकाचौकातली, शाळेच्या भिंतीवरची अहिल्या होती: पांढरी वस्त्रं, डोक्यावरून पदर, हातात शिवलिंग. तिने मग मऊ सुती पांढऱ्या कापडाचे, बारीक काठाचे, डोक्यावरून पदर घसरू नये म्हणून आत पिन लपवलेले लहान मापांचे सहा शिवले. महेश्वरी वापरायचा मोह झाला होता. भाड्याच्या हिशोबात ते बसत नव्हतं आणि पहिल्याच मुलीने त्यावर आइस्क्रीम सांडलं असतं. शिवलिंग लाकडी, तेही भाड्यात. सासूबाईंचा राग इथे उतरला. 'अहिल्या' मागायला येणाऱ्या मुलींना पदर त्याच घेऊन देतात.

आता दुकानाचं भाडं दुकानातून निघतं. मे-जून आणि पितृपक्ष अजूनही कोरडेच जातात, भाड्याच्या कपड्यांवरचे मेकअपचे डाग हा नवा डोक्याला ताप आहे, आणि जुन्या मराठी गिऱ्हाइकांतल्या एक-दोघी म्हणतात की ताई आता किरायावाली झाली. त्यांच्या मुलींच्या संमेलनाला त्याही भाड्यानेच नेतात.

उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मशिनच्या खाली होता. मॅपलिथो असल्यामुळे त्यावर पेन छान चालतं आणि मागची बाजू कोरी. ताई त्यांवर मापं लिहून कपड्याला टाचते. गेल्या आठवड्यात गेलो तर गठ्ठा चार बोटं उरलेला दिसला. म्हणाली, "काका, हे संपत आले. या मापाच्या कोऱ्या चिठ्ठ्या कापून द्याल? छापायचं काही नाही."

किती लागतील, मी विचारलं.

"हजारच द्या."